सब्र आणि फिर्याद



गेल्या हिवाळ्यात एका जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीतील गर्दी ओसरली, तरी एक वृद्ध गृहस्थ मागच्या सफेत बसूनच होते. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. सातारा जिल्ह्यातील ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण फौजेत जात आले, तशाच एका गावचे ते रहिवासी. चुलते फौजेत होते, पुढे मुलगाही गेला. त्या मुलाला कोर्टमार्शलने तीन महिने कैद आणि नोकरीतून बडतर्फी अशी शिक्षा दिली होती. कैद भोगून तो घरी परतला होता आणि घराबाहेर पडत नव्हता.

"मौलाना, कायदा मला वकील सांगेल," ते म्हणाले. "तुम्ही एवढंच सांगा, आता वर दाद मागितली तर ती बेसब्री होईल का?"

मी म्हणालो, "चाचा, आधी काय झालं ते सांगा."

मुलगा रजेवर आला असताना त्याची आई दवाखान्यात अत्यवस्थ होती. रजा संपली तरी तो थांबला. तीन आठवडे उशिरा स्वतःच आपल्या पलटणीत हजर झाला. खटल्याच्या दिवशी कोणीतरी त्याला सांगितले की, कबूल करून टाक, लवकर मोकळा होशील. कागदावर "गुन्हा कबूल" अशी नोंद झाली. दवाखान्याचे दाखले त्याच्या ट्रंकेतच राहिले. आता गावात दोन मते होती. नातलग म्हणत होते की जे झाले ती अल्लाहची मर्जी, सब्र करावा. मोहल्ल्यातील एक वडीलधारे मात्र निराळेच बोलत होते. आपण मुसलमान माणसे, फौजेच्या विरोधात कोर्टात गेलो असा बोभाटा होईल, त्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे त्यांचे म्हणणे.

त्या दिवशी मी चाचांना जे उत्तर दिले ते योग्य होते, पण अपुरे होते. आज या पानांवर ते पूर्ण करण्याचा माझा प्रयत्न आहे, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी सब्र या शब्दाचा अर्थ निमूटपणे सोसणे असा करून घेतला आहे, आणि त्या अर्थाच्या आडोशाला आपली भीतीही बसलेली असते.

अरबीत सब्र म्हणजे रोखून धरणे. माणसाने स्वतःला रोखून धरायचे ते कशापासून, हा खरा प्रश्न आहे. अल्लाहविषयी तक्रार करण्यापासून, हराम मार्गाकडे वळण्यापासून, सूडापासून, निराशेपासून. हक्काची गोष्ट योग्य दारी जाऊन सांगण्यापासून स्वतःला रोखून धरावे, असे सब्राच्या व्याख्येत मला कोठेही आढळले नाही. ह. याकूब (अलै.) यांच्या सब्राला कुरआनने सुंदर म्हटले आहे. तेच याकूब (अलै.) आपले दुःख अल्लाहपाशी मांडतात, आणि त्याच सूरहमध्ये मुलांना सांगतात की जा, यूसुफचा शोध घ्या, निराश होऊ नका. सब्र आणि शोध त्या घरात एकत्र नांदत होते.

आणि खुद्द ह. यूसुफ (अलै.)? वाचकहो, सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातील एका प्रसंगापाशी आज जरा थांबावे अशी माझी विनंती आहे. यूसुफ (अलै.) निरपराध असताना कैदेत पडले. बरोबरच्या दोन कैद्यांपैकी जो सुटणार होता त्याला त्यांनी सांगितले की, तुझ्या मालकापाशी माझा उल्लेख कर. तो विसरला, आणि आणखी कित्येक वर्षे तुरुंगात गेली. पुढे राजाला स्वप्नाचा अर्थ हवा झाला, तो यूसुफ (अलै.) यांनी सांगितला, आणि राजाने त्यांना बोलावणे पाठवले. दरवाजा उघडा होता. इतक्या वर्षांनंतर कोणीही धावत बाहेर पडला असता. यूसुफ (अलै.) बाहेर पडले नाहीत. राजाच्या दूताला त्यांनी परत पाठवले आणि सांगितले की, आधी त्या हात कापून घेणाऱ्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी होऊ दे. चौकशी झाली. स्त्रियांनी साक्ष दिली, अजीजच्या पत्नीने खरे ते कबूल केले. त्यानंतरच ते बाहेर आले.

याला काय म्हणावे? कायद्याच्या भाषेत हा फेरतपासणीचा अर्ज आहे. शिक्षा संपत होती, पण ठपका तसाच राहणार होता. यूसुफ (अलै.) यांना सुटका नको होती असे नाही, त्यांना निर्दोष म्हणून सुटायचे होते. बुखारी शरीफमध्ये हदीस आहे की, पैगंबर मुहम्मद (स.) यांनी या प्रसंगी यूसुफ (अलै.) यांच्या धैर्याचा गौरव केला आणि नम्रतेने म्हटले की, मी इतका काळ तुरुंगात राहिलो असतो तर बोलावणाऱ्याचे लगेच ऐकले असते. म्हणजे ज्या कृतीला आपण बेसब्री समजत आहोत, तिलाच पैगंबर (स.) यांनी असामान्य सब्र मानले.

आता दुसरी शंका. यूसुफ (अलै.) साधे कैदी होते, हा मुलगा मात्र सैनिक आहे. फौज आज्ञेवर चालते. वरिष्ठाच्या निर्णयावर सैनिक प्रश्न करू लागला तर फौज उरेल काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. सूरह निसाच्या ५९ व्या आयतीत अल्लाह आणि रसूल यांच्यासोबत अधिकारपदी असलेल्यांच्या आज्ञापालनाचा आदेश आहे, आणि सैन्याच्या मोहिमेत त्या आदेशाचे मोल सर्वांत जास्त असते. पण ती आयत पुरी वाचा. त्याच आयतीत लगेच पुढे म्हटले आहे की, एखाद्या बाबतीत तुमच्यात वाद झाला तर ती अल्लाह व रसूल यांच्याकडे न्या. ज्या आयतीने आज्ञापालन शिकवले तिनेच वाद होण्याची शक्यता गृहीत धरली आणि त्याच्या निवाड्याची जागाही दाखवली.

हे रणांगणावर कसे दिसते, ते बद्रला पाहावे. हिजरी सन २, रमजानचा महिना, समोर शत्रूची फौज. पैगंबर (स.) हातात बाणाची काडी घेऊन मुसलमानांच्या रांगा सरळ करीत होते. सवाद बिन गजिय्या (रजि.) रांगेतून थोडे पुढे आले होते. पैगंबर (स.) यांनी त्या काडीने त्यांच्या पोटाला टोचून सरळ उभे राहण्यास सांगितले. सवाद (रजि.) म्हणाले की, मला दुखले, आपणांस अल्लाहने सत्य आणि न्यायासह पाठवले आहे, मला बदला द्या. पैगंबर (स.) यांनी तेथेच आपल्या पोटावरचे वस्त्र बाजूला केले आणि बदला घेण्यास सांगितले. सवाद (रजि.) यांनी त्यांना मिठी मारली आणि पोटाचे चुंबन घेतले. समोर मृत्यू उभा आहे, शेवटचा स्पर्श आपल्या देहाचा व्हावा अशी इच्छा होती, असे त्यांनी सांगितले. पैगंबर (स.) यांनी त्यांच्यासाठी दुआ केली.

सीरतच्या ग्रंथांतील हा प्रसंग आपण वाज-नसीहतीत नेहमी प्रेमाची गोष्ट म्हणून सांगतो. मीही तसाच सांगत आलो. परंतु मिठी मारण्यापूर्वीचा तो क्षण पाहा. त्या क्षणी ती केवळ एका सैनिकाची आपल्या सेनापतीविरुद्ध भर रांगेत केलेली फिर्याद होती. सेनापतीने असे म्हटले नाही की, ही वेळ आहे का. शत्रू समोर आहे, शिस्त बिघडेल, असेही म्हटले नाही. फिर्याद ऐकली, मान्य केली आणि स्वतःला हजर केले. त्या फौजेची शिस्त त्यामुळे बिघडली नाही, हे त्या दिवसाच्या निकालावरून जगाला ठाऊक आहे.

आपल्या देशाच्या न्यायनिवाड्यांत याच्या उलट बाजूचे एक प्रकरण आहे. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेले आहे आणि वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात. हा सिग्नल विभागातील जवान. एका अधिकाऱ्याकडून वाईट वागणूक मिळते, अशी तक्रार त्याने ठरलेला मार्ग सोडून थेट वरिष्ठांकडे पाठवली. त्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना, मे १९८५ मध्ये, जेवण करण्याचा हुकूम त्याने मानला नाही असा नवा आरोप आला. कोर्टमार्शल बसले. एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी अशी शिक्षा झाली. न्याय करण्यास जे बसले त्यांत, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो अधिकारीही होता. न्यायासनावरील कोणाविषयी तुझा आक्षेप आहे काय, हे आरोपीला विचारलेच गेले नव्हते. वरिष्ठांकडे केलेला अर्ज फेटाळला गेला, उच्च न्यायालयातही यश आले नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवून त्याला सर्व लाभांसह नोकरीत परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी त्या निकालात मांडलेला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. न्यायाधीशाने मी पक्षपाती आहे काय असे स्वतःला विचारून भागत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनाला काय वाटेल, हे त्याने पाहावे. शिवाय शिक्षा अपराधाच्या मानाने इतकी जड नसावी की विवेकालाच धक्का बसावा.

हे वाचताना मदरशातील हदीसचा वर्ग आठवला. रागाच्या भरात असलेल्या न्यायाधीशाने दोघांमध्ये निवाडा करू नये, अशी मनाई बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आमचे उस्ताद समजावून सांगत की, इथे राग हे केवळ एक उदाहरण आहे. भूक, झोप, भीती, वैर, जे जे बुद्धीवर पडदा टाकते ते सर्व या मनाईत येते. स्वतःविरुद्धच्या तक्रारीने दुखावलेला माणूस त्याच तक्रारदाराचा न्याय करण्यास बसतो, तेव्हा त्याच्या बुद्धीवर पडदा नसेल, अशी खात्री कोण देणार?

चाचांच्या मुलाचा खटला समरी कोर्टमार्शलचा होता. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कोर्टमार्शलचे चार प्रकार आहेत, त्यांतील हा सर्वांत झटपट. यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण न्यायाधीश म्हणून त्यांना शपथ दिली जात नाही. शिक्षेला वरच्या मंजुरीची गरज नसते, ती तत्काळ अंमलात येऊ शकते. मग कागद तपासणीसाठी वर जातात. मी या पद्धतीला सरसकट वाईट म्हणणार नाही. सीमेवर, डोंगरात, छावणीत रोज न्यायालय भरवता येत नाही, आणि आपल्या जवानांवर पोटच्या मुलांसारखी माया करणारे अधिकारी पुष्कळ असतात. पण आज्ञा देणारा, आज्ञा मोडली असे म्हणणारा आणि त्याचा न्याय करणारा एकाच हुद्द्यात एकवटले, म्हणजे चूक होण्याची वाट रुंद होते. म्हणूनच वर आणखी एक दरवाजा लागतो.

तो दरवाजा फार उशिरा उघडला. आपल्या राज्यघटनेने सशस्त्र दलांच्या न्यायालयांना कलम १३६ आणि २२७ च्या कक्षेबाहेर ठेवले. आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली अर्ज करता येत असे, आजही येतो, पण तो फौजेतील वरिष्ठांकडे किंवा केंद्र सरकारकडे. याखेरीज उच्च न्यायालयात रिट दाखल करता येई, परंतु तेथे पुरावा नव्याने तोलला जात नसे. १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खेद व्यक्त केला की, पुरावा आणि शिक्षा या दोन्हींचा फेरविचार करील असे एकही अपील आपल्या सैनिकाला उपलब्ध नाही. इंग्लंडमध्ये असे अपील न्यायालय १९५१ च्या कायद्याने आले होते. आपल्याकडे २००७ मध्ये कायदा झाला, आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीत, इतर पीठांपैकी एक मुंबईत. पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक फौजेचा अनुभव असलेला प्रशासकीय सदस्य बसतो. कोर्टमार्शलचा दोषनिर्णय कायद्याने टिकत नसेल, कायद्याचा मुद्दा चुकला असेल किंवा कामकाजातील गंभीर दोषामुळे अन्याय झाला असेल, तर न्यायाधिकरण तो रद्द करू शकते. शिक्षा कमी करू शकते, फेरखटल्याचा आदेश देऊ शकते. सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असेल तर तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संपलेला नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण एवढेच की, ज्यांना "फौजेच्या विरोधात जाणे" असे वाटते त्यांनी पाहावे, हा मार्ग देशाच्या संसदेने सैनिकासाठीच बांधला आहे. त्यावरून चालणारा सैनिक कोणाच्या विरोधात जात नाही.

आपल्या फुकहांना ही कल्पना परकी नव्हती. पाचव्या हिजरी शतकातील इमाम मावर्दी (रह.) यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात "मजालिम" या न्यायासनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सत्ताधाऱ्यांनी केलेल्या अन्यायाची दाद तेथे लागे. ज्यांचा पगार कापला गेला किंवा अडकला अशा वेतनधारकांच्या, म्हणजे मुख्यतः सैनिकांच्या, तक्रारीही त्यांनी याच न्यायासनाच्या कामात मोजल्या आहेत.

आणि निकाल फिरवणे हा पहिल्या न्यायाधीशाचा अपमान आहे काय? ह. उमर (रजि.) यांनी अबू मूसा अश्अरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. इब्न कय्यिम (रह.) यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यात खलीफा आपल्या न्यायाधीशाला समजावतात की, काल दिलेला निवाडा आज पुन्हा विचार केल्यावर चुकीचा वाटला, तर सत्याकडे परतण्यास त्याची आडकाठी होऊ देऊ नकोस, सत्य त्या निवाड्याहून जुने आहे. यापेक्षा मोठा दाखला हवा असेल तर दोन स्त्रियांची हदीस पाहा. लांडग्याने एकीचे मूल नेले, उरलेल्या मुलावर दोघी हक्क सांगू लागल्या. ह. दाऊद (अलै.) यांनी वडील स्त्रीच्या बाजूने निवाडा दिला. बाहेर पडून त्या ह. सुलैमान (अलै.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी सुरी मागवली, मूल दोघींत वाटून देतो म्हणाले. धाकटी कळवळून म्हणाली की नको, ते मूल तिचेच आहे. सुलैमान (अलै.) यांनी मूल धाकटीला दिले. पिता, पैगंबर आणि राजा असलेल्या न्यायाधीशाचा निवाडा पुत्राने बदलला. इमाम नसाई (रह.) यांनी या हदीसवर जे शीर्षक दिले आहे त्याचा आशयच असा की, एका न्यायाधीशाने आपल्या बरोबरीच्या किंवा आपल्याहून थोर न्यायाधीशाचा निवाडा रद्द करणे. दाऊद (अलै.) यांच्या थोरवीला त्यामुळे काही कमी आले काय?

आता मोहल्ल्यातील त्या वडीलधाऱ्यांच्या भीतीविषयी. तिला हसू नये. अल्पसंख्य समाजातील माणसाला एका व्यक्तीच्या ठपक्याचे ओझे साऱ्या समाजावर पडताना दिसते, आणि हा अनुभव केवळ आपलाच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये आल्फ्रेड ड्रायफस नावाचा ज्यू कॅप्टन होता. डिसेंबर १८९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून त्याला लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले. न्यायाधीशांना एक गुप्त कागदपत्रांची फाइल दाखवण्यात आली, ती आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला पाहायला मिळालीच नाही. जानेवारी १८९५ मध्ये पॅरिसच्या लष्करी शाळेच्या पटांगणात त्याची पदचिन्हे तोडून त्याला दूरच्या डेव्हिल्स आयलंड बेटावर पाठवले गेले. बाहेर ज्यूंविरुद्ध घोषणा होत होत्या. त्याची पत्नी ल्यूसी आणि भाऊ मात्यू यांना गप्प बसण्यासाठी याहून सबळ कारण कोणते हवे होते? ते गप्प बसले नाहीत. पुढे पिकार नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यालाच खरा लेखक दुसरा आहे असे आढळले. त्याला ट्युनिशियात पाठवून देण्यात आले, कारण निकाल फिरला तर फौजेची अब्रू जाईल असे वरिष्ठांना वाटत होते. १८९९ मध्ये पहिला निकाल रद्द झाला, फेरखटला झाला आणि ड्रायफस पुन्हा दोषी ठरला. मग राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. थकलेल्या देहाने त्याने माफी घेतली, पण अपराध मान्य केला नाही. निर्दोषत्वासाठी तो झगडत राहिला. १२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायमची रद्द केली. तो त्याच फौजेत परत गेला, आणि पहिल्या महायुद्धात त्याच देशासाठी सेवेत होता.

माफी आणि निर्दोषत्व यांतील हा फरक पाहिला की मला तुरुंगाच्या उघड्या दारातून दूताला परत पाठवणारे यूसुफ (अलै.) आठवतात. फ्रान्सच्या फौजेची अब्रू बारा वर्षे खोट्या निकालाने झाकली जात होती, ती १९०६ मध्ये सावरली.

पण चाचांचा मुलगा ड्रायफस नव्हता. येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. त्याने रजा ओलांडली होती, हे खरे होते. ज्याने काही तरी केले आहे त्याने अपील करावे काय?

आर्मी ॲक्टच्या कलम ३९ मध्ये अपराध आहे तो पुरेशा कारणाशिवाय रजा ओलांडण्याचा. म्हणजे कारण काय होते हा प्रश्न अपराधाच्या पोटातच आहे. कागदावर "कबूल" लिहिले गेले तेव्हा मुलाने उशीर कबूल केला होता, कारण नव्हते हे कबूल केले नव्हते, आणि त्याला हा फरक कोणी समजावला होता असे त्याच्या बोलण्यावरून वाटत नव्हते. आर्मी रूल्सच्या नियम ११५ प्रमाणे तर न्यायालयाने कबुलीचा परिणाम आरोपीला समजावून सांगायचा असतो. इतकेच नव्हे, कागदपत्रांवरून त्याने नकार द्यायला हवा होता असे दिसले, तर कबुली मागे घेण्याचा सल्लाही द्यायचा असतो. हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला माइज बिन मालिक (रजि.) यांचा प्रसंग आठवला. ते स्वतःच्या पापाची कबुली देण्यास आले, तर पैगंबर (स.) यांनी पुन्हा पुन्हा तोंड फिरवले, परत जाण्याची वाट ठेवली, हा शुद्धीवर आहे ना याची विचारपूस केली. शिक्षा सुरू झाल्यावर ते पळू लागले होते, हे कळल्यावर म्हणाले की, त्याला सोडून का दिले नाही. हदच्या बाबतीत कबुली मागे घेता येते, हे फुकहांनी येथूनच काढले. कबुलीवर झडप घालणे ही सुन्नत नाही.

तेव्हा अंशतः दोषी माणसालाही दोन गोष्टी मागण्याचा हक्क आहे. माझे कारण ऐका, आणि शिक्षा माझ्या चुकीएवढीच असू द्या. क्षमा करण्यात इमामाची चूक होणे हे शिक्षा देण्यात चूक होण्यापेक्षा बरे, अशा आशयाची रिवायत तिर्मिजीत आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांत चर्चा आहे, पण तिचा आशय फुकहांनी स्वीकारला आहे.

मात्र या हक्काला एक कुंपण आहे, आणि ते अपील करणाऱ्यानेच सांभाळायचे आहे. उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसनुसार पैगंबर (स.) यांनी बजावले की, मी माणूस आहे, तुमच्यातील एखादा अधिक चतुर बोलणारा असेल आणि त्याचे ऐकून मी त्याच्या बाजूने निर्णय दिला, तर दुसऱ्याचा हक्क घेणाऱ्याने समजावे की तो आगीचा तुकडा घेत आहे. पैगंबर (स.) यांच्या हातून मिळालेला निकालही खोट्याला हलाल करीत नाही, तर न्यायाधिकरणाचा कसा करील? सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी खरी देण्याचा आदेश आहे. अपिलाचा अर्जही एक साक्षच असतो.

चाचांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो होतो की, दाद मागा, यात बेसब्री नाही. चार दिवसांनी ते मुलाला घेऊन आले. वकील पुण्याचे होते, त्यांनी आधी सर्व हकीकत मराठीत लिहून मागितली होती, इंग्रजी मसुदा ते करणार होते. मस्जिदीच्या हुजऱ्यात, जेथे मकतबची मुले बसतात त्या बुटक्या मेजावर, आम्ही लिहायला बसलो. बी.ए.ला मी मराठी घेतले तेव्हा पुष्कळांनी विचारले होते की मौलवीला याचा उपयोग काय.

मुलगा हळू आवाजात सांगत होता. मी लिहीत होतो. आईला कोणत्या दिवशी दवाखान्यात नेले, कोणत्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, रजा कधी संपली. मग तो म्हणाला की, रजा संपण्यापूर्वी मी युनिटला फोन करून मुदतवाढ मागितली होती. मी ते वाक्य लिहिले. चाचा बाहेर वजू करण्यास गेले, तेव्हा मी विचारले, "बेटा, फोन खरंच केला होता का?"

बराच वेळ तो मेजाकडे पाहत राहिला. "नाही," तो म्हणाला. "रोज उद्या करू म्हणत राहिलो. भीती वाटत होती."

"मग तेच लिहू या."

"पण त्यानं केस कमजोर होईल, मौलाना."

"होईल कदाचित."

त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि ती ओळ स्वतः खोडली. तिच्या जागी, अडखळत्या अक्षरांत, त्याने लिहिले की मी फोन केला नाही, करायला हवा होता, ही माझी चूक आहे. मग तो म्हणाला की, आता दवाखान्याचे दाखले जोडू. ते त्याने ट्रंकेतून काढून घडी न मोडता आणले होते.

अर्ज आधी सेनाप्रमुखांकडे जायचा होता, तेथे नकार मिळाला तर मुंबईच्या पीठाकडे. चाचांनी पाकीट स्पीड पोस्टाने पाठवले आणि पावती दाखवायला मस्जिदीत आले. उत्तर अजून आलेले नाही. मुलगा मात्र आता असरच्या नमाजला येतो, आणि पहिल्या सफेत उभा राहतो.